आगोटीची बेगमी ३१ मार्चला रिकामी करू नका! वीज नियामक आयोगाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

साहेब,

स.न.वि.वि. मी गुहागर तालुक्यातला साधा घरगुती ग्राहक. घर आगरात आहे, मागे माड-पोफळी, पुढे रस्ता, आणि रस्ता ओलांडून दहा मिनिटं चाललं की समुद्र. सीझनला दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पडवीवरच्या स्लॅबवर ३ किलोवॅटचं सोलर आहे आणि त्याच्या मीटरचे आकडे मी दर महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरवर लिहून ठेवतो, बायको म्हणते दुधाचा हिशोब कधी एवढ्या नेमाने ठेवला नाहीत. त्या कॅलेंडरवरनंच हे पत्र निघालंय.

आधी आगोट म्हणजे काय ते सांगतो, घाटावरच्या वाचकांना माहीत नसेल. मृग लागायच्या आत कोकणातल्या घरात चार महिन्यांचं सगळं भरून ठेवायचं, ती आगोटीची बेगमी. सुके बोंबील, सोडे, आमसुलं, कडवे वाल, फणसाचे पापड, आंब्याची साठं, तांदूळ, आणि पूर्वी लाकडं-शेणी सुद्धा. कारण एकदा पाऊस धरला की बाजार नाही, मासे नाहीत (१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते), आणि ऊन तर नाहीच नाही. माझी आई फेब्रुवारीपासूनच या कामाला लागायची, उन्हं फुकट घालवू नये म्हणायची. आता समजा ३१ मार्चला कोणीतरी सरकारी माणूस दारात आला, म्हणाला वर्ष संपलं, कोठीतलं सगळं बाहेर काढा, आम्ही घाऊक भावाने घेतो, आणि १ एप्रिलपासून पुन्हा शून्यातनं भरायला लागा. आईने त्याला काय सुनावलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नेट मीटर म्हणजे छपरावरनं बाहेर गेलेली आणि बाहेरनं घरात आलेली वीज दोन्ही मोजून वजाबाकी करणारा मीटर, आणि त्याच्या आपल्याकडच्या नियमात नेमकं हेच होतंय. २०१९ च्या रूफटॉपच्या विनियमांप्रमाणे मी ग्रिडला जास्तीचे दिलेले युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात, चांगली सोय आहे, पण ते ओढणं आर्थिक वर्षाअखेरीपर्यंतच. ३१ मार्चला जे शिल्लक असेल ते वितरण कंपनी आयोगाने ठरवलेल्या जेनेरिक, म्हणजे सरसकट, दराने विकत घेते, आणि खातं परत शून्यावर.

आता माझं कॅलेंडर बघा. एप्रिलमध्ये माझ्या छपरावर ३८० युनिट झाले, घरात लागले ४७०. मे मध्ये झाले ३७० आणि लागले ५४०, कारण मे म्हणजे पाहुणे, दोन एसी, आणि मुंबईहून भाऊ सहकुटुंब. जूनमध्ये २२० विरुद्ध ३१०, जुलैत १६० विरुद्ध २३०. ऑगस्टमध्ये १८० आणि वापर २६०, गणपतीच्या तयारीला लवकर आलेले चाकरमानी धरून. सप्टेंबरला २५० आणि २७०. सहाच्या सहा महिने तूट, बेरीज ५२० युनिट, आणि त्या प्रत्येक महिन्याचं बिल मी रोख भरलं. मग ऑक्टोबर उजाडला की उलटं सुरू होतं. ऑक्टोबर ३० शिल्लक, नोव्हेंबर ८०, डिसेंबर ६०, जानेवारीत तर पंखा बंद, एसी बंद, पाहुणे तुरळक, आकाश स्वच्छ, शिल्लक १६०, फेब्रुवारी १७०, मार्च १३०. एकूण ६३० युनिट जमा. आणि ३१ मार्चला कोठी रिकामी, की दुसऱ्याच दिवशी एप्रिल!

म्हणजे वर्षाचं गणित केलं तर मी वापरतो त्यापेक्षा ११० युनिट जास्तच बनवतो. तरीही सहा महिने बिल भरतो. कारण एकच, हिशोबाचं वर्ष सूर्याने ठरवलेलं नाही, अकाउंटवाल्यांनी ठरवलंय. हेच वर्ष ३० सप्टेंबरला संपलं असतं तर ऑक्टोबर ते मार्चचे ६३० युनिट एप्रिल ते सप्टेंबरच्या ५२० च्या तुटीला पुरून उरले असते. एक पॅनल जास्त लावायला नको, एक रुपया सबसिडी जास्त द्यायला नको.

पैशात सांगतो. घरगुती दर वहन आकार (तारांवरनं वीज आणून देण्याचे पैसे) धरून पहिल्या शंभर युनिटला सहाच्या आसपास पडतो आणि शंभर ओलांडले की अकराच्या आसपास, वर १६ टक्के वीज शुल्क. तेव्हा ते ५२० युनिट मला चार हजाराला पडले. तेवढेच युनिट मार्चअखेरीला मी विकले त्याचे तीन रुपयांच्या आसपास धरले तर दीड हजार. फरक अडीच हजार. तुम्ही म्हणाल अडीच हजारासाठी एवढं मोठं पत्र? पण पॅनल पंचवीस वर्षं चालतं. दर आहे तोच राहिला असं धरलं तरी साठेक हजार होतात. मला केंद्राकडून सबसिडी मिळाली ७८ हजार. ती एकदाच खात्यात आली आणि तिचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर फिरला, हे साठ हजार हळूहळू जातायत आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही.

सबसिडीबद्दल माझी तक्रार नाही हे आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल घेतली आणि वर शिव्या देतो. फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, पुढे काही नाही, एक कोटी घरांचं टार्गेट आणि ७५ हजार कोटींच्या वर तरतूद. ती नसती तर मी सोलर बसवलंच नसतं. पण सबसिडी कशाला मिळते आणि कशाला मिळत नाही हे बघितलं की वीज स्वस्त-महाग कशी होते ते कळतं. पॅनल देशी सेलचंच पाहिजे अशी अट आहे, देशी उद्योग वाढावा म्हणून, हेतू चांगलाच, पण ते पॅनल बाहेरच्यापेक्षा महाग पडतं. बाहेरच्या पॅनलवर एप्रिल २०२२ पासून ४० टक्के कस्टम ड्युटी लागली. जीएसटी २०२१ मध्ये ५ वरून १२ झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परत ५ वर आला. म्हणजे एका खिशातनं घालायचं आणि दुसऱ्यातनं थोडं काढून घ्यायचं. मधे आमचा वेंडर. त्याचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, पण त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की बिल जन्मभर शून्य. पहिलं बिल आलं त्यात स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा भरायचाच तो, तसाच होता, ते बघून मी फोन केला तर म्हणाला काका तो तर असतोच ना. (मी त्याच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा असेन!)

आणि ही सबसिडी लातूरला आणि गुहागरला सारखीच. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात साधं स्ट्रक्चर दुसऱ्या पावसाला गंज धरतं, त्यामुळे जाड गॅल्वनाइज्ड लागतं, नट-बोल्ट स्टेनलेस लागतात, वादळाच्या भीतीने काँक्रीटचे पाय मोठे करावे लागतात. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला येऊन गेलं, त्यात दापोली-मंडणगडाकडे पत्रे पतंगासारखे उडाले, ते ज्याने बघितलंय तो पॅनल हलक्या स्ट्रक्चरवर लावणार नाही. वरनं माडाची सावली. दुपारी तीनला मागच्या एका माडाची सावली दोन पॅनलवरनं सरकत जाते, चाळीस मिनिटं, आणि तेवढ्या वेळात ॲपमधली रेषा खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते. माड तोड म्हणतात सगळे. आजोबांनी लावलेला माड ३ किलोवॅटसाठी तोडणार नाही मी. वानरं पॅनलवर बसतात ते वेगळंच.

आता मुद्द्याची गोष्ट, वीज स्वस्त झाली म्हणतात ती गेली कुठे. २०१० मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर काढला होता १७ रुपये ९१ पैसे युनिट. त्याच सुमाराला राष्ट्रीय सौर मिशनचे पहिले लिलाव झाले, बोली ११ ते पावणेतेराच्या दरम्यान आल्या. मे २०१७ ला राजस्थानात भडल्याला २ रुपये ४४ पैसे. डिसेंबर २०२० ला गुजरातमध्ये १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत अठराचे दोन झाले. यात चिनी पॅनल स्वस्त झालं हे आहेच, पण लिलावाचा नियम, पंचवीस वर्षांचा करार, सरकारी कंपनी मधे असल्यामुळे पैसे बुडणार नाहीत ही खात्री, आंतरराज्य वहन आकार माफ (जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या प्रकल्पांना), स्वस्त कर्ज, हे सगळं त्या दोन रुपयांच्या आत बसलेलं आहे. दर सूर्यावर जितका ठरतो तितकाच कागदावर ठरतो.

आणि कागदावर दर कसा ठरतो ते गुहागरच्या माणसाला शिकवायची गरज नाही. सगळे दाभोळ दाभोळ म्हणतात पण एन्रॉनचा प्रकल्प खाडीच्या अलीकडे, आमच्या तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरला. १९९३ चा करार, मे १९९९ ला पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॅट. वीज घ्या की घेऊ नका, क्षमतेचे पैसे मोजायचेच, आणि तेही डॉलरशी बांधलेले. इंधन महाग, रुपया खाली, आणि राज्याचं वीज मंडळ वीज कमी घेतंय, तेव्हा युनिट सात रुपयांच्या वर गेलं, २००० साली! मे २००१ ला सगळं बंद पडलं. आमच्या गावातले ज्यांनी तिथे नोकरीच्या आशेने ड्रायव्हिंगचं लायसन्स काढलं होतं ते नंतर रिक्षा चालवायला लागले. चिमणी अजून दिसते. तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि स्थिर खर्च हा शब्द मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही, पेपरात शिकलो.

तो शब्द अजून बिलात बसलाय. राज्याने औष्णिक केंद्रांशी लांब मुदतीचे करार केलेत, त्यांची वीज उचलली नाही तरी त्यांचा स्थिर खर्च द्यावा लागतो. दुपारी सौर वीज आली की कोळशाचं केंद्र कमी चालवतात, कोळसा वाचतो, पण त्या केंद्राचं कर्ज आणि पगार चालूच. म्हणून दोन-अडीच रुपयांचं सौर युनिट आलं तरी आमच्या बिलातले सहा रुपये हलत नाहीत. हे वितरण कंपनीचं रडगाणं नाही, खरं आहे, मी मान्य करतो. पण मग आम्हाला दर वर्षी सौर वीज स्वस्त झाली स्वस्त झाली असं सांगू नका, कोणत्या दराने कोणासाठी ते सांगा.

वाऱ्याची गोष्ट तर आमच्या किनाऱ्यावरनंच गेली. देवगडच्या पवनचक्क्या जुन्या, लोक अजून तिथे फोटो काढायला जातात. नव्वदच्या दशकात पवनचक्कीला पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा (यंत्राची किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करायची सोय) मिळायचा, म्हणजे ज्याला इन्कम टॅक्स वाचवायचाय त्याने चक्की लावायची, ती फिरली नाही फिरली त्याला काय पडलंय. पुढे तो घसारा ८० टक्के झाला, २०१२ ला बंद केला, तर त्या वर्षी देशातली नवीन पवनऊर्जा आधीच्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली, २०१४ ला परत सुरू केला, २०१७ पासून ४० टक्के. मधेच २००९ पासून युनिटमागे ५० पैसे अशी वेगळी सवलत आली, ती शहाणपणाची होती, कारण वीज बनली तरच पैसे. आणि २०१७ ला लिलाव सुरू झाले तर पहिल्याच लिलावात ३ रुपये ४६ पैसे, वर्ष संपायच्या आत २ रुपये ४३. वारा तोच होता.

म्हणून सांगतो, छपरावरच्या सोलरला सुद्धा चक्की लावण्याचे पैसे दिले जातायत, ती चालण्याचे नाहीत. मला ७८ हजार मिळाले तेव्हा पॅनल कुठे लावलं, सावली येते का, हे बघायला एक फोटो पुरला. पण त्या पॅनलवर जानेवारीत बनलेल्या युनिटला मे महिन्यात काय किंमत, हे ठरवणारा नियम मात्र असा की जास्त पॅनल लावायलाच नको असं वाटावं. शेजारच्याने विचारलं तर मी त्याला खरंच सांगितलं की २ किलोवॅट लाव, तिसरा मार्चमध्ये वाया जातो.

आता दुसरी बाजू. वितरण कंपनी म्हणेल, तुझं जानेवारीतलं भर दुपारचं युनिट आणि मे मधलं रात्री नऊचं युनिट सारखं कसं? बरोबर आहे. वीज बाजारात, त्या एक्स्चेंजवर, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून भाव ठरतो, सगळ्यात शेवटी ज्या विकणाऱ्याची गरज पडली त्याचा भाव सगळ्यांना मिळतो. दुपारी सौर वीज ओसंडते म्हणून भाव पडतो, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे-एसी एकदम लागतात आणि भाव चढत चढत दहा रुपयांच्या मर्यादेला टेकतो, ही मर्यादा पण नियमानेच घातलेली आहे, २०२३ ला, त्याआधी बारा होती आणि त्याच्याही आधी वीस. तेव्हा मी दुपारी दिलेलं युनिट रात्री परत मागतो त्यात कंपनीला खड्डा पडतो हे मला कळतं. आणि तो खड्डा शेवटी कोण भरतं? पलीकडच्या काकी. त्यांचं कौलारू घर, जुनी रिफं, त्यावर पॅनल चढणारच नाही, महिन्याला साठ युनिट वापर. माझ्यामुळे काकींचा दर वाढावा असं मला वाटत नाही आणि कोणाला वाटू नये.

पण त्यावर उपाय काय, तर माझं युनिट मारून टाकायचं हा नाही. साठवणीची काहीतरी फी घ्या. आमच्या कोठीतल्या तांदळात सोंडे पडतातच, शंभर किलोतले पाच-सात किलो गेले असं धरूनच आई भरायची. तसं बँकिंगसाठी, म्हणजे युनिट तुमच्याकडे जमा ठेवण्यासाठी, शंभर युनिटातले काही कापा, काकींच्या नावाने कापा, मी गप्प बसेन. फक्त उरलेले पुढच्या पावसाळ्यापर्यंत जिवंत ठेवा. एवढं तरी लक्षात घ्या की माझ्या छपरावरची जी वीज मी स्वतः वापरतो ती कंपनीच्या अपारंपरिक खरेदीच्या बंधनात (ठरावीक वाटा सौर-पवनसारख्या विजेचा असलाच पाहिजे, त्यात) मोजली जाते, तिच्यासाठी ती मला काही देत नाही. पुण्य त्यांच्या वहीत, गंज माझ्या बोल्टला.

टीओडीचं, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळ्या दराचं, पण तसंच. केंद्राच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकाला पीकच्या (सगळ्यात जास्त मागणीच्या) वेळी किमान १० टक्के जास्त, शेती सोडून सगळ्यांना. तत्त्व मला पटतं. दुपारची वीज स्वस्त असेल तर ती दुपारी स्वस्त मिळू दे. पण दुपारचं युनिट दुपारच्याच वापरातून वजा, असा कडक हिशोब घरगुती नेट मीटरला कधी लावायचा विचार असेल तर आधी कोकणातलं घर दुपारी कसं असतं ते बघून जा. माणसं बागेत, शाळेत, बँकेत, म्हातारी माणसं पंख्याखाली आडवी. फ्रिज सोडला तर मीटर झोपलेला. वीज लागते संध्याकाळी सातनंतर. तेव्हा द्यायला माझ्याकडे बॅटरी पाहिजे, आणि माझ्या ७८ हजारांत बॅटरीला एक पैसा नव्हता. पावसात लाइन गेली की माझं सोलर सुद्धा बंद पडतं, इन्व्हर्टर स्वतःच थांबतो, खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून, ते योग्यच आहे. पण म्हणजे छपरावर सव्वादोन लाखांची वीज आणि खाली मेणबत्ती, असं जूनमध्ये कितीदा झालं ते पण कॅलेंडरवर लिहिलंय.

खरी बॅटरी तर आमच्याकडे वेगळीच आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. बर्फाचा कारखाना! हर्णै, दाभोळ, जयगड, मिरकरवाडा, जिथे बोटी तिथे बर्फ. बर्फाची लादी गोठायला वेळ लागतो, मिठाच्या पाण्याच्या टाकीत डबे बुडवून ठेवतात, ती टाकी दुपारी खूप थंड करून घेतली तर संध्याकाळी कॉम्प्रेसर काही तास बंद ठेवता येतो, बर्फ काही लगेच वितळत नाही. माझा एक मित्र असा कारखाना बघतो, त्याला विचारलं दुपारी वीज खरंच चांगली स्वस्त झाली तर करशील का, म्हणाला करीन की, पण मला आधी दोन वर्षांचा दर सांगा, मध्येच बदलणार असेल तर मी टाकीला जास्तीचं इन्सुलेशन करण्यात पैसे घालत नाही. त्याचं म्हणणं सोपं आहे, सवलत कमी असली तरी चालेल, स्थिर पाहिजे. दर मार्चमध्ये ठरतो, मग स्थगिती, मग सुधारित आदेश, मग कोर्ट, असं चाललं की धंदेवाला माणूस जुन्या पद्धतीनेच चालत राहतो.

आणि संध्याकाळसाठी कोयना आहे ना. पोफळीला, चिपळूण तालुक्यात, डोंगराच्या पोटात. १९६० मेगावॅट, आणि पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाची मर्यादा आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी. दुपारी सौर वीज जितकी घ्याल तितकं ते पाणी संध्याकाळसाठी शिल्लक राहील. माझं जानेवारीतलं युनिट नुसतं वाया जात नाही, त्याने कुठेतरी कोयनेचं थोडं पाणी वाचतं, ते मे महिन्यात वापरता येतं. म्हणजे निसर्गात माझं युनिट मार्च ओलांडतंय, वहीतच ते मरतंय.

नेट मीटर लागायला मला सव्वादोन महिने लागले, २०२४ च्या सुधारित नियमात १५ दिवस लिहिलंय. कुठल्या ऑफिसात फाइल अडकली ते लिहीत नाही, कारण त्याच लोकांनी निसर्गनंतर रात्रंदिवस खांब उभे केले. एवढंच म्हणतो की ते सव्वादोन महिने जानेवारी-फेब्रुवारी-मार्चचे होते, आमचे सुगीचे. एप्रिलला मीटर लागला, आणि तुटीचे सहा महिने सुरू.

तर माझं मागणं असं की घरगुती नेट मीटरच्या हिशोबाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर करा. ते सगळ्या राज्याला जमत नसेल तर प्रत्येक युनिटला ते जमा झालं तिथपासून बारा महिने मुदत द्या, मोबाइलच्या रिचार्जला देतात तशी, आताचे मीटर डिजिटल आहेत, सॉफ्टवेअरला हे जड नाही. विदर्भाचा उन्हाळा पण एप्रिल-मे मध्येच येतो, त्यांनाही हे नको असणार नाही. साठवणीची फी किती ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवली की पाच वर्षं हलवू नका. आणि केंद्राला शिफारस करताना किनाऱ्यावरच्या स्ट्रक्चरचा आणि लहान बॅटरीचा विषय घाला, पॅनलचे पैसे थोडे कमी केलेत तरी चालतील.

दरनिश्चितीची जनसुनावणी कोकण विभागासाठी नवी मुंबईत होते. इथून तिथे जायचं म्हणजे आदल्या रात्रीची गाडी. ऑनलाइन बोला म्हणाल तर आमच्याकडे वारा सुटला की रेंज जाते. एकदा रत्नागिरीला घ्या सुनावणी, आणि जानेवारीत नको, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घ्या. हॉलमधली लाइट बहुतेक जाईल. मी कॅलेंडर घेऊन येतो, बर्फवाला मित्र येतो म्हणालाय, काकींना पण आणतो, त्यांचं साठ युनिटचं बिल त्या स्वतःच दाखवतील.

आपला,
गुहागर तालुक्यातला एक घरगुती ग्राहक
सिंगल फेज, ३ किलोवॅट, गेल्या ३१ मार्चची शिल्लक ६३० युनिट, १ एप्रिलची शून्य